जादा पावसाच्या भागातील जमीन आणि दुभत्या जनावरांची वैरण
(शेतकी खाते, ऊस विकास विभाग)



गटवार बैठकांत पश्चिमेकडील गावांचे सभासद दरवर्षी एकच प्रश्न विचारतात. पाणी मुबलक आहे, खताची पोती पूर्व भागाइतकीच टाकतो, बेणेसुद्धा त्याच बेणेमळ्यातले नेतो, मग शिरोळ-हातकणंगल्याकडील माणूस एकरी जेवढे टन सांगतो तेवढे आम्हाला का पडत नाहीत? दुसरा प्रश्न बैठकीत कोणी विचारत नाही. तो बैठक सुटल्यावर, मोटारसायकल सुरू करता करता कानावर येतो. "साहेब, म्हैस तीनदा उलटली, काही उपाय सांगा." वास्तविक हे काम जनावरांच्या डॉक्टरांचे. परंतु गेली कित्येक वर्षे हे दोन्ही प्रश्न एकाच घरातून येताना पाहिले, आणि दोन्हींचे मूळ बरेचसे एकाच ठिकाणी आहे असे माझे मत झाले आहे. ते मूळ म्हणजे आपली पावसाने धुतलेली जमीन आणि तिच्यावरून गव्हाणीत येणारी वैरण.

प्रथम पावसाचे पाहू. आपल्या जिल्ह्यासारखा विषम पाऊस क्वचितच कुठे असेल. गगनबावड्यास वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तिथून शंभर किलोमीटरही नाही त्या शिरोळात पाचशे-सहाशेवर आटोपतो. दोन्हीकडे ऊस आहे, दोन्हीकडे म्हशी आहेत, म्हणून आपण एकच शिफारस दोन्हीकडे वापरतो. इथेच चूक होते. पूर्वेकडील काळ्या जमिनीत चुना साचतो, क्षार वर येतात, जमीन चोपण होते. पश्चिमेस कुंभी, कासारी, तुळशी, भोगावतीच्या वरच्या खोऱ्यात नेमके उलट घडते. चार महिने पाणी जमिनीतून खाली मुरत राहते आणि जाताना चुना, मॅग्नेशियम, पोटॅश सोबत घेऊन जाते. मागे राहते ते लोह आणि ॲल्युमिनियम. म्हणून ती माती तांबडी दिसते. हजारो वर्षे हे चालले म्हणजे जांभा तयार होतो. दगड कापून आपण घरे बांधतो तो हाच.

अशा जमिनीचा सामू म्हणजे आम्लता मोजण्याचा आकडा सातच्या खाली येतो. सात म्हणजे ना आंबट ना खारे. सहा झाला म्हणजे आंबटपणा दहापट वाढला आणि पाच झाला म्हणजे शंभरपट, हा हिशेब पुष्कळांच्या ध्यानात नसतो. साडेपाचच्या खाली गेला की मातीतील ॲल्युमिनियम विरघळू लागते, मुळांची टोके आखूड व जाड होतात आणि ती खाली जात नाहीत. मग पावसाळ्यात पाण्यात उभा असलेला ऊस ऑक्टोबरची उन्हे लागताच माना टाकतो, आणि आपण म्हणतो पाणी कमी पडले. दुसरी गोष्ट स्फुरदाची. सुपर फॉस्फेट टाकले की लोह आणि ॲल्युमिनियम त्याला धरून ठेवतात. पोते रिकामे होते, परंतु पिकाच्या तोंडी त्यातले थोडेच लागते. अशा जमिनीत सुपर विस्कटून टाकू नये. ते सरीत, मुळाशी, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून द्यावे. शेणखत मध्ये आले की लोहाची पकड सैल होते.

युरियाचे तर विचारूच नका. जूनच्या पहिल्या आठवड्यात मोठी भरणी करून तीन-चार पोती युरिया एकदम देणारे सभासद अजून आहेत. पुढल्या पंधरवड्यात पाऊस झोडपतो आणि त्या युरियाचा निम्माशिम्मा भाग ओढ्याने नदीला जातो. आपल्या भागात भरणी मे महिन्यातच उरकून घ्यावी, मुख्य नत्र त्याआधी हप्त्याहप्त्याने द्यावे, आणि राहिलेला थोडा हप्ता उघडीप बघून. अमोनियम सल्फेट जमीन आणखी आंबट करते. पूर्वेच्या चुनखडीच्या रानात ते गुणकारी, आपल्याकडे नको.

चुना घालावा काय, असे विचारतात. घालावा, पण माती तपासून. शेजाऱ्याने घातला म्हणून घालू नये. सबंध रानात विस्कटण्याचा खर्च झेपत नसेल तर लागणीच्या सरीत एकरी एक ते दीड क्विंटल बारीक चुनखडीची पूड दिली तरी मुळांपुरते काम होते. हे दरवर्षी थोडे थोडे करावे लागते. डोलोमाईट मिळाला तर अधिक चांगला, त्यात मॅग्नेशियमही येते. मात्र चुना आणि शेणखत, किंवा चुना आणि युरिया, एकाच दिवशी टाकू नका. अमोनिया होऊन नत्र हवेत उडते, रानात वास सुटतो तो आपल्या पैशाचाच. दोन-तीन आठवड्यांचे अंतर ठेवा. चुना आणि सुपरही एकत्र नको.

गव्हाणीत काय पडते

आता जनावरांकडे वळू. आपल्या भागात दुभत्याचे वर्ष साधारण तीन तुकड्यांचे असते. नोव्हेंबरपासून तोडी चालू असेपर्यंत उसाचे वाडे. त्यानंतर पिंजार आणि मिळेल तो पाला. पावसात बांधावरचे हिरवे गवत, आणि हल्ली ज्याच्या त्याच्या परड्यात असलेले हत्ती गवत. पोट भरते, जनावर हंबरत नाही, म्हणून मालक निर्धास्त असतो.

या वैरणीत एक गोष्ट समाईक आहे, ती म्हणजे ऑक्झलेट. वाड्यात ते आहे, पिंजारात आहे, आणि कोवळ्या संकरित नेपिअरमध्ये तर भरपूर आहे. हे ऑक्झलेट पोटात गेले की कॅल्शियमला चिकटते आणि ते कॅल्शियम शेणावाटे बाहेर पडते. जमिनीत चुना नाही म्हणून वैरणीत आधीच कमी, आणि जे काही थोडे आहे तेही असे बाहेर जाते. म्हैस दुधावाटे कॅल्शियम देतच असते. ते तिला कुठून तरी आणावे लागते, ती आपल्या हाडांतून काढते. मग जनावर भिंती चाटते, चिंध्या चघळते, माती खाते. व्याल्यावर बसून राहते. वेळेवर माजावर येत नाही आणि आले तरी उलटते. उलटण्याची इतरही कारणे असतात, गर्भाशयाचा रोग असतो, माज ओळखण्यात चूक असते, ती डॉक्टरांनीच पाहावीत. परंतु चार महिने नुसत्या वाड्यावर ठेवलेल्या म्हशीला इंजेक्शने देत बसण्याआधी गव्हाणीकडे पाहावे असे मी म्हणेन.

याचा अर्थ वाडे टाकून द्यावे असा नव्हे. हंगामात तेवढी हिरवी वैरण दुसरी कुठली? परंतु ते निम्म्यापेक्षा अधिक नसावे. वाड्याची कुट्टी करून तिच्यावर चुन्याची निवळी शिंपडावी. कळीचा चुना पाण्यात विरवून रात्रभर ठेवला की वर जे स्वच्छ पाणी येते ती निवळी, खालचा गाळ नव्हे. दुभत्या जनावरास रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण पेंडीतून द्यावे. दुधाच्या पगारात ते परवडते. वाड्यात प्रथिने सुक्या वजनावर पाच-सहा टक्केच असतात, एवढ्यावर दूध निघत नाही, म्हणून सोबत काही तरी द्विदल चारा हवाच.

वाड्यावरून आठवले. तोडणी टोळी वाडे आपले समजते आणि मालकाला स्वतःच्या उसाचे वाडे पेंढ्यांच्या भावाने विकत घ्यावे लागते, ही तक्रार जुनी आहे. टोळीच्या बैलांचे पोट आणि बायकांचा वरखर्च त्यावर चालतो, तेव्हा त्यात मी पडत नाही. परंतु आता काही शिवारांत यंत्राने तोड होऊ लागली आहे. यंत्र वाड्याचे तुकडे करून रानातच फेकते. म्हणजे पुढे वाडे कोणाचे हा वादच मिटणार, कारण वाडे राहणारच नाही. ज्यांची जनावरे हंगामभर वाड्यावर अवलंबून आहेत त्यांनी आतापासून दुसरी सोय लावलेली बरी.

पाल्याविषयी मात्र स्पष्ट लिहितो, कुणाला राग आला तरी. श्रावण-भाद्रपदात वैरण संपली की उभ्या उसाचा हिरवा पाला ओरबाडून भारे आणले जातात. माउलींची त्यात काय चूक, गोठ्यात जनावर उपाशी असते. पण साखर कारखान्यात तयार होत नाही, ती पानात तयार होते. कारखाना फक्त ती वेगळी काढतो. खालची वाळलेली, पिवळी पडलेली पाने काढली तर बिघडत नाही, हवा खेळते. वरची आठ-दहा हिरवी पाने हात लावण्याची नाहीत. पाला काढलेल्या सऱ्या आणि न काढलेल्या सऱ्या शेजारी शेजारी ठेवून तोडीच्या वेळी कांड्यांची जाडी स्वतः बघा. वैरणीचा भारा किती महाग पडला ते कळेल.

पावसातले पाणचट गवत

चार महिने सगळीकडे हिरवेगार असते आणि तरीही जुलैत दूध उतरते, फॅट लागत नाही, याचे कारण साधे आहे. साडेचारशे किलोच्या म्हशीला दिवसाला साधारण १२ किलो सुका अंश पोटात जावा लागतो. भर पावसात कापलेल्या गवतात शंभरातले पंचाऐंशी भाग पाणी असते. म्हणजे ३० किलोचा भारा टाकला तर सुका अंश साडेचार किलो. पोट तुंबलेले, शेण पातळ, आणि जनावर अर्धपोटी. सबब पावसाळ्यात पिंजार, कडबा यांची गरज उन्हाळ्याहून कमी नाही, उलट जास्तच. गवत सकाळी कापून छपराखाली पसरावे आणि संध्याकाळी घालावे, तेवढ्यानेही फरक पडतो.

पिंजाराची गंजी भिजू देऊ नये. बुरशीचे पिंजार गाभण जनावरास मुळीच घालू नये. पिंजार सकस करण्याची युरियाची पद्धत आहे. १०० किलो पिंजारास ४ किलो युरिया, ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरावर शिंपडायचा, दाबायचे, प्लॅस्टिकने हवाबंद झाकायचे आणि २१ दिवसांनी उघडायचे. घालण्यापूर्वी घटकाभर हवेवर पसरावे म्हणजे अमोनियाचा उग्र वास जातो. सहा महिन्यांखालील रेडकांना व वासरांना हे देऊ नये. युरियाचे पाणी जनावराच्या तोंडाला लागेल असे ठेवू नये, ते विष आहे.

भाताच्या खाचरांतील, ओढ्याकाठच्या साचलेल्या पाण्यातील गवतावर गोगलगायींमार्फत यकृतातील चपट्या जंतांची बाधा होते. पाण्याखालचा भाग सोडून वरून कापावे, आणि जंताचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने पावसाळ्याआधी व नंतर द्यावे. घटसर्पाची लस मे अखेरपर्यंत टोचून घ्यावी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात नदीकाठच्या हिरव्या वैरणीची काय अवस्था झाली ती आपण पाहिली आहे. काठावरच्या गावांनी किमान पंधरा दिवसांची वाळलेली वैरण उंचावर ठेवलीच पाहिजे.

परड्यातले हत्ती गवत

संकरित नेपिअर म्हणजे बाजरी आणि आफ्रिकेतील हत्ती गवत यांचा संकर. फुले जयवंत हा राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा वाण आपल्याकडे चांगला येतो. दोन डोळ्यांची, तीन महिने वयाची कांडी ३ फूट बाय २ फुटांवर लावावी. जादा पावसाच्या गावांनी ती फेब्रुवारी-मार्चमध्ये लावावी म्हणजे पावसाआधी मुळे धरतात. उताराच्या रानात ओळी उताराला आडव्या घ्या, माती अडते. पहिली कापणी साठ-सत्तर दिवसांनी, नंतर दर ४५ ते ५० दिवसांनी, जमिनीपासून चार-पाच बोटे वर. गुडघाभर कोवळे गवत कापून घालण्याची घाई करू नका. ऑक्झलेट कोवळेपणीच जास्त असते, आणि पाणीही. तसेच पुरुषभर उंच होऊन दांडे कठीण होईपर्यंतही ठेवू नका. पाणी-खत नीट असेल तर एकरी साठ-ऐंशी टन हिरवा चारा वर्षाला मिळतो. म्हणजे दहा गुंठ्यांत पंधरा-वीस टन, रोजचा चाळीस-पन्नास किलो.

ऐकायला गोड वाटते. आता जमिनीच्या बाजूने हिशेब मांडू. वीस टन हिरव्यात सुमारे चार टन सुके. त्यात दीड-दोन टक्के पोटॅश धरले तरी दहा गुंठ्यांतून साठ-ऐंशी किलो पालाश वर्षाला उचलले जाते. खताच्या भाषेत म्युरेट ऑफ पोटॅशची दोन-तीन पोती. आधीच पावसाने धुतलेली जमीन, त्यातून ही दर दीड महिन्याची उचल. म्हणून पहिली दोन वर्षे गवत डोक्यावर जाते आणि तिसऱ्या वर्षी ठोंब विरळ होतात. लोक म्हणतात बेणे खराब झाले. बेणे नव्हे, जमीन रिकामी झाली.

हे पोटॅश कुठे जाते? जनावराने खाल्लेल्या पोटॅशचा बहुतेक भाग मुतावाटे बाहेर पडतो, आणि नत्राचाही मोठा भाग. आपण शेण जपतो, मूत गटारात सोडतो. गोठ्याला थोडा उतार, मागे एक नाली, नालीच्या तोंडाशी खड्डा किंवा टाकी. खड्ड्यात पाचट किंवा भाताचे तूस टाकून मूत मुरवावे, नाही तर पाणी मिसळून पाटाने गवताला सोडावे. एवढे केले की परड्यातील ठोंब पाच-सहा वर्षे हटत नाहीत.

उकिरड्याचेही तेच. आपल्या पावसात उघड्यावरचा उकिरडा म्हणजे चहाची गाळणी. काळे पाणी वाहून जाते, ते खरे खत, आणि ऑक्टोबरमध्ये आपण रानात नेतो तो चोथा. खड्डा उंचवट्यावर घ्यावा, भोवती चर काढावा, वर पत्रा किंवा प्लॅस्टिकचे छप्पर करावे. छप्पर जमत नसेल तर खड्डा जमिनीच्या दीड फूट वर घुमटासारखा भरून शेणमातीने लिंपावा. खत मे महिन्यात रानात पसरून पावसाची वाट बघत बसू नये. लागणीच्या वेळी सरीत द्यावे.

आणखी कोणता चारा

पूर्व भागात लसूण घास उत्तम येतो म्हणून आपल्याकडे बी आणून फसलेले सभासद आहेत. लसूण घासाला आंबट आणि ओली जमीन दोन्ही सोसत नाहीत. सुबाभळीचेही आंबट जमिनीत नीट चालत नाही. आपल्या बांधावर शेवरी आहे, ती पाण्यात उभी राहते आणि जनावरे आवडीने खातात. ती मोडू नका. गिरिपुष्प कुंपणाला लावावे. त्याचा पाला प्रथम जनावर हुंगून सोडते, तो सुकवून थोडा थोडा कुट्टीत मिसळला की सवय होते, आणि उरलेला पाला सरीत दाबला तर हिरवळीचे खत. वरकस, मुरमाड तुकड्यावर काहीच येत नसेल तिथे स्टायलो फोकावे. ते गरीब, आंबट जमिनीतही तग धरते आणि स्वतःचे नत्र स्वतः मिळवते. कायम ओल धरणाऱ्या, निचरा न होणाऱ्या डागात पॅरा गवत. सुरू उसात दोन सऱ्यांमधल्या वरंब्यावर चवळी टोकून फुलोऱ्यात कापली तर ऐन उन्हाळ्यात प्रथिनांची वैरण मिळते. कोवळी ज्वारी मात्र पाण्याच्या ताणावर असताना घालू नका, किराळ लागून जनावर तासाभरात जाते.

ऑक्टोबरमध्ये पाऊस उघडल्यावर नेपिअर जोमाने वाढते आणि लगेच वाडेही चालू होते. तेव्हा जादा गवताचा मुरघास करावा. कापून एक दिवस सुकवावे, बारीक कुट्टी करून पिशवीत किंवा खड्ड्यात तुडवून हवा काढावी, गुळाचे पाणी शिंपडावे, घट्ट बांधावे. ४५ दिवसांनी तयार होते आणि न उघडल्यास मे-जूनपर्यंत राहते. ज्या घरात मे महिन्यात वैरण आहे त्या घरातून श्रावणात पाला काढायला कोणी रानात जात नाही, हे मी पाहिले आहे.

पाचट

पाचट जाळू नका असे प्रत्येक अंकात छापून आम्हीही कंटाळलो. तरी पश्चिम गटासाठी पुन्हा लिहितो, कारण तिथे त्याचे काम दुहेरी आहे. एकरी तीन ते चार टन पाचट निघते. जाळले की त्यातील नत्र जवळजवळ सगळे हवेत जाते, राख वळवाच्या पहिल्या सरीने ओढ्यात जाते आणि रान उघडे पडते. ठेवले तर मातीवर पावसाचा थेंब सरळ आदळत नाही आणि सेंद्रिय कर्ब वाढतो. आंबट जमिनीत पोटॅश धरून ठेवायला तोच एक आधार आहे. खोडव्यात एक सरीआड एक पाचट ओढावे. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू द्यावेत. पाणथळ डागात मात्र सगळे पाचट ठेवू नये, ते सडते व फुटवे मरतात. तिथले उचलून गोठ्यात जनावराखाली अंथरावे. ते शेण-मूत पिऊन उकिरड्यावर जाते आणि पुढे रानात येते. भर पावसात जनावराला कोरडी बैठकही मिळते, खुरे सडत नाहीत.

प्रेसमड नेणाऱ्यांनी तो ओला, गरम तसाच सरीत टाकू नये. ढीग मारून, शेणकाला व पाचट मिसळून दोन-तीन महिने कुजवावा. त्यात स्फुरद व चुना दोन्ही असल्याने तांबड्या जमिनीस तो विशेष मानवतो. तो नेण्यात पश्चिम गट मागे आहे. अंतर लांब, भाडे जास्त, हे खरे. चार-पाच सभासदांनी मिळून एक ट्रक ठरवला तर भाडे वाटले जाते.

मातीचे नमुने पावसाळ्यापूर्वी, रानाला खत टाकण्याआधी घ्यावेत. बांधाजवळील, उकिरड्याखालील, झाडाखालील माती घेऊ नये. रानात नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणची एक वीत खोल माती घमेल्यात एकत्र करावी आणि त्यातील अर्धा किलो सावलीत वाळवून पिशवीत भरावी. पिशवीत गट नंबर, आधीचे पीक आणि पुढे घ्यावयाचे पीक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. गवताच्या परड्याचा नमुना वेगळा द्यावा, तो कोणी देतच नाही. नमुने गट ऑफिसात शेतकी मदतनीसाकडे जमा करावेत. फुले जयवंतची कांडी हवी असलेल्यांनी किती गुंठ्यांसाठी पाहिजे ते तिथेच नोंदवावे.